आपला हात, परका हात



रायपूरच्या बूढापाऱ्यात भाषणाला उभं राहिलेल्या मराठी माणसाने दोन नावं घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा इथला अलिखित रिवाज आहे. पहिलं नाव नरेंद्रनाथ दत्त यांचं. १८७७ साली, पुढे विवेकानंद झालेला हा चौदा वर्षांचा मुलगा कुटुंबाबरोबर रायपूरला आला आणि याच वस्तीत राहिला. दुसरं नाव पत्रकार माधवराव सप्रे यांचं. त्यांच्या नावाची शाळा इथेच आहे. पहिल्यांना मी नुसता नमस्कार करतो, कारण त्यांच्याविषयी माझ्याहून अधिकारी माणसं या सभागृहात बसली आहेत. सप्रे यांच्यापाशी मात्र मला पुढे थोडं थांबावं लागणार आहे.

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर जरा भारदस्त शब्दांत छापला आहे. साध्या भाषेत विषय गुदगुल्यांचा आहे. दुसऱ्याने काखेत बोट घातलं की आपण वळवळतो, हसतो, पळ काढतो. तेच बोट आपलं असलं की काहीच होत नाही. काख तीच, कातडी तीच, दाबही तेवढाच ठेवता येतो. मग फरक पडतो कुठे?

प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक प्रश्नसंग्रहात तो जवळजवळ याच रूपात विचारला आहे. तिथलं उत्तर असं की, आधी कळलेलं असलं तर दुसऱ्याने केलेल्या गुदगुल्याही कमी होतात, आणि स्वतःच्या बाबतीत आपण कधीच अनभिज्ञ नसतो. डार्विननेही १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर जे पुस्तक लिहिलं, त्यात हेच सुचवलं: स्पर्श नेमका कुठे होणार हे माहीत नसावं लागतं. म्हणजे दोन हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन मोठ्या निरीक्षकांनी एकच शब्द पुढे केला, नवलाई. आपल्याला स्वतःचं नवल वाटत नाही, म्हणून गुदगुल्या होत नाहीत.

हे उत्तर पटण्यासारखं आहे आणि निम्मं बरोबरही आहे. पण घरात लहान मूल असेल तर त्यातली खोट तुम्हाला ठाऊक असेल. मुलाच्या डोळ्यांदेखत बोटं नाचवत तुम्ही पुढे सरकता. कुठे, कधी, काय होणार याची त्या मुलाला पक्की खबर असते. नवल म्हणून काहीही उरलेलं नसतं, आणि बोट पोटाला टेकण्याआधीच ते खिदळायला लागतं. नुसतं आधी कळण्याने गुदगुल्या विझत असत्या, तर हा खेळ जगातून केव्हाच नाहीसा झाला असता.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवू, नाहीतर पुढे गोंधळ होतो. मनगटावरचं घड्याळ थोड्या वेळाने जाणवेनासं होतं, नाकावरचा चष्मा विसरला जातो. ही सवय. तिला वेळ लागतो. स्वतःचा स्पर्श मात्र पहिल्या क्षणापासूनच फिका असतो. फिका व्हायला त्याला वेळ मिळालेलाच नसतो. तेव्हा इथे काम करणारी गोष्ट वेगळी आहे.

ती पहिल्यांदा नीट दिसली डोळ्यात. मघापासून मला डुलक्या घेणारे एक-दोन गृहस्थ दिसतायत, त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटाने अगदी हलके ढकला. समोरची भिंत हलते. आता बोट काढा आणि तोच डोळा इकडून तिकडे फिरवा. डोळ्यातली प्रतिमा मघापेक्षा कितीतरी जास्त सरकली, तरी भिंत जागची हलत नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात यावर बराच विचार केला. डोळा फिरवायचा हुकूम मेंदूने स्वतः सोडला, तर होणारी हालचाल तो हिशेबातून वजा करतो. बोटाने ढकलल्यावर डोळ्याच्या स्नायूंना हुकूम गेलेलाच नसतो, म्हणून वजा करायला काही नसतं आणि हलते ती भिंत.

रायपूर राजधानीचं शहर आहे; सरकारी आदेशाचा कागद इथे प्रत्येकाने पाहिलेला आहे. आदेश एकाला असतो, आणि खाली बारीक अक्षरांत ‘प्रतिलिपी सूचनार्थ’ म्हणून आणखी चार कार्यालयांची नावं असतात. मेंदू हेच करतो. स्नायूला हुकूम जातो तेव्हा त्याची एक प्रत संवेदना घेणाऱ्या विभागाकडे जाते: अमुक हालचाल होणार आहे, तिच्यामुळे अमुक जाणवेल, त्याची दखल घेण्याचं कारण नाही. १९५० साली फॉन होल्स्ट आणि मिटेलस्टेट या जोडीने आणि त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. स्पेरींना पुढे १९८१ साली नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी. होल्स्ट आणि मिटेलस्टेट यांनी एका माशीचं डोकं अर्धा वळसा फिरवून मानेपाशी चिकटवून टाकलं. डावा डोळा उजवीकडे, उजवा डावीकडे. माशी चालायला लागली की स्वतःभोवती गरगरा फिरायची. हुकुमाची प्रत एक सांगत होती, डोळा बरोबर त्याच्या उलट. हिशेब जुळवायला ती आणखी वळायची आणि चूक दुप्पट व्हायची. माशीवर अन्याय झाला, पण मुद्दा पक्का झाला.

पावसाळ्यात रात्री तळ्याच्या काठाने ओरडणारा रातकिडा याच युक्तीवर जगतो. त्याचे कान पुढच्या पायांत असतात, आवाज त्याच्याच पंखांतून निघतो आणि तो जवळून शंभर डेसिबलच्या आसपास असतो. एवढ्या जवळच्या कर्कश आवाजाने तो स्वतः बहिरा का होत नाही? जेम्स पूले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी २००६ साली दाखवलं की, पंख घासायचा हुकूम निघाला की एक ठराविक चेतापेशी त्याच तालावर त्याच्या श्रवणाच्या पेशींना दाबून धरते. दोन घासण्यांच्या मधल्या फटीत कान पुन्हा उघडे. शत्रू येत असेल तर त्या फटीत ऐकू येतो. एवढं मोठं काम एक पेशी करते. आपल्याकडे त्यासाठी फार मोठा कारभार आहे, पण तत्त्व तेच.

आता गुदगुल्यांकडे. १९७१ साली वाइसक्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायावर एक टोकदार काडी फिरवणारी पेटी बनवली. काडी दांडीने हलायची. कधी प्रयोगकर्ता दांडी हलवायचा, कधी ज्याचा पाय तो स्वतः. आणि तिसऱ्या वेळी दांडी हलवायचा प्रयोगकर्ताच, पण ज्याचा पाय त्याचा हात दांडीवर सैल ठेवलेला असायचा, म्हणजे तो नुसता ओढला जायचा. पहिल्या प्रकारात गुदगुल्या सर्वांत जास्त, दुसऱ्यात सर्वांत कमी, आणि तिसरा प्रकार मधे कुठेतरी. म्हणजे हाताच्या हालचालीवरून मिळणारी खबर थोडी उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही. हुकूम स्वतःचा असावा लागतो.

यावरचा खरा सुंदर प्रयोग लंडनचा. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि क्रिस फ्रिथ या तिघांची नावं इथे घेतली पाहिजेत. १९९८ साली त्यांनी लोकांना एफएमआरआय यंत्रात झोपवून तळहातावर मऊ स्पंजाचा तुकडा फिरवला, काही वेळा त्यांच्याच दुसऱ्या हाताने, काही वेळा प्रयोगकर्त्याकडून. स्वतः केलेल्या स्पर्शाच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागावरचा स्पर्शाची नोंद घेणारा भाग कमी पेटत होता, आणि त्या दाबून धरण्यात लहान मेंदूचा हात असल्याची खूण दिसत होती.

पण मला त्यांचं यंत्रमानव वापरून केलेलं काम जास्त आवडतं. त्यात माणूस डाव्या हाताने एक दांडी हलवतो. ती हालचाल यंत्र जशीच्या तशी उचलतं आणि स्पंज उजव्या तळव्यावर फिरतो. दांडी आणि स्पंज यांच्यामधे विलंब नसला तर माणूस स्वतःलाच स्पर्श करतोय, यंत्र असो वा नसो. मग त्यांनी मधे विलंब घातला: सेकंदाचा दहावा भाग, पाचवा भाग. हालचाल त्याचीच, निर्णय त्याचा, हे त्याला पुरतं ठाऊक. तरी विलंब वाढला तशी गुदगुली वाढत गेली. नंतर त्यांनी वेळ तशीच ठेवून दिशा बदलली, म्हणजे हात सरळ जाई आणि स्पंज तिरका फिरे. कोन जेवढा मोठा, गुदगुली तेवढी जास्त. म्हणजे आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकतो, फक्त पाव सेकंद उशिरा किंवा थोडं वाकडं करायला हवं. ‘मी’ आणि ‘दुसरा’ यांच्यामधली सीमा तत्त्वज्ञान्यांनी कुठे कुठे आखली असेल; लहान मेंदू ती सेकंदाच्या अपूर्णांकात आखतो, आणि आपल्याला काय ठाऊक आहे हे तो विचारतही नाही.

याला प्रयोगशाळाच लागते असं नाही. स्कूटरवर गतिरोधक आला की पुढे बसलेल्याला जेवढा हिसका बसतो त्यापेक्षा मागे बसलेल्याला जास्त बसतो. मागची सीट चाकावर असते हे खरं, पण एवढंच कारण नाही. घाटातल्या रस्त्यावर मोटारीत मळमळतं ते प्रवाशांना. गाडी चालवणाऱ्याला सहसा नाही. रस्ता तर दोघांनाही समोर दिसतोय. चालकाच्या हातून हुकूम जातोय, प्रवाशाच्या नाही.

कुणी म्हणेल, स्पर्श झाल्यावर मेंदू मागाहून ठरवत असेल की हा आपलाच होता, सोडून द्या. तसं नाही. पॉल बेज आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक खुबीदार गोष्ट केली. लोक एका बोटाने दुसऱ्या बोटावर टकटक करत, मधे यंत्र. काही वेळा हात खाली येई पण त्याला टेकायला काहीच नसे, तरीही दुसऱ्या बोटावर टक वाजे. ती टकही फिकीच जाणवली. म्हणजे मेंदूने वजाबाकी आधीच करून ठेवलेली होती. प्रत्यक्ष स्पर्श होण्याची वाट त्याने पाहिली नाही.

सगळे शास्त्रज्ञ या एकाच उत्तरावर खूश आहेत असं मात्र समजू नका. बर्लिनमधल्या एका गटाने २०२२ साली दाखवलं की, दुसरा कुणी गुदगुल्या करत असताना आपण त्याच वेळी स्वतःच्या अंगाला हात लावला, तर त्या दुसऱ्याच्या गुदगुल्याही मंदावतात. त्यांचं म्हणणं, नेमकी वजाबाकी वगैरे मोठी भाषा नको. स्वतःला हात लागला की मेंदू सरसकट स्पर्शाचा आवाज खाली करतो, एवढंच. उलट स्टॉकहोममधल्या कॉन्स्टँटिना किल्टेनी आणि हेन्रिक एर्सन यांचं काम नेमकेपणाच्या बाजूने जातं. माणसाचा हात यंत्राने हलवला, काय होणार हे त्याला ठाऊक असलं, तरी स्पर्श फिका होत नाही. हुकूम निघाल्याशिवाय चालत नाही. मला दुसऱ्या बाजूचं पारडं जड वाटतं, कारण वेळ आणि कोन यांचा तो लंडनचा प्रयोग सरसकट आवाज कमी करण्याने समजावून देता येत नाही. पण बर्लिनवाल्यांना मी हसणार नाही. निसर्ग बऱ्याचदा दोन्ही गोष्टी करून ठेवतो.

हे सगळं गमतीचं झालं. पुढचा प्रयोग गमतीचा नाही.

२००३ साली सुखविंदर शेरगिल, पॉल बेज, फ्रिथ आणि वोल्पर्ट यांनी दोन-दोन माणसांच्या सहा जोड्या समोरासमोर बसवल्या. प्रत्येकाच्या बोटावर यंत्राची छोटी पट्टी. सूचना एकच: समोरच्याने जेवढ्या जोराने तुमच्या बोटावर दाब दिला, तेवढ्याच जोराने त्याच्या बोटावर द्या. समोरच्यालाही हीच सूचना आहे हे दोघांपैकी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिला दाब अगदी हलका. दोघेही प्रामाणिक, कुणाला जिंकायचं नाही. तरी दर फेरीला जोर सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. अशा चार वाढी झाल्या की मूळ जोराच्या साडेतीनपट. कारण समजायला आता अवघड नाही. समोरून आलेला दाब पुरा जाणवतो, आपण दिलेला वजाबाकी होऊन जाणवतो. म्हणून ‘तेवढाच’ द्यायला गेलं की जास्त दिला जातो.

घरात दोन भावंडं भांडतात आणि दोघेही आईकडे धावत येऊन म्हणतात, “मी हळूच मारलं, याने जोरात मारलं.” आई दोघांनाही खोटारडे ठरवते. या प्रयोगाप्रमाणे दोघेही खरं बोलत असतात.

त्याच अभ्यासातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा कमी होते. बोटाने थेट दाबण्याऐवजी लोकांना जॉयस्टिक फिरवून यंत्राकरवी आपल्याच बोटावर दाब द्यायला सांगितलं, तेव्हा ते अचूक निघाले. जोर बरोबर तेवढाच. बोटाने बोट दाबलं की काय जाणवतं, हे मेंदू जन्मभर शिकलेला असतो. जॉयस्टिक एवढी फिरवली की बोटावर तेवढा दाब, हे नातं त्याने कधी शिकलेलं नसतं. म्हणून प्रत जात नाही, वजाबाकी होत नाही. आपल्या शरीराने न्याय करायला गेलं की चूक. अनोळखी यंत्राने केला तर बरोबर. यातून काढायचा तो अर्थ तुम्हीच काढा, मला तो फारसा सुखाचा वाटत नाही.

आता उलट बाजू. ही वजाबाकी बिघडली तर? ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ज्या रुग्णांना परके आवाज ऐकू येतात, किंवा आपले हातपाय दुसरंच कुणी हलवतंय असं वाटतं, त्यांच्यावर स्पर्शाचा तोच प्रयोग केला. त्यांना स्वतःच्या आणि परक्या स्पर्शात फरक जाणवला नाही. २००५ साली शेरगिल यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दाब जुळवायला सांगितलं, तर ते निरोगी माणसांपेक्षा जास्त अचूक निघाले. थोडं थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्या हाताने सत्य मोजलं, आणि नेमकी हीच त्यांची व्यथा होती. ज्या क्रियेची प्रत पोहोचत नाही, ती परक्याची वाटते. माझ्या डोक्यात माझाच विचार उठला, पण त्यावर माझी सही नाही. मग तो कुणाचा?

या प्रश्नाचं आपल्या भागात एक तयार उत्तर असतं. कुणीतरी केलंय. छत्तीसगडच्या खेड्यांत ते ‘कुणीतरी’ म्हणजे टोनही, अर्थात चेटकीण, आणि टोनही म्हणजे बहुधा गावातली एखादी एकटी बाई. त्याच २००५ साली राज्याने टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. प्रत्येक आरोपामागे आजारी माणूस असतो असं मी म्हणत नाही. कित्येकदा मागे जमिनीचा तुकडा असतो, विधवेच्या वाट्यावर डोळा असतो. पण जिथे खरोखर कुणीतरी म्हणतंय की माझा हात दुसरंच कुणी हलवतं, तिथे बैगाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेण्यापेक्षा मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं तर दोन माणसं वाचतात: जो बोलतोय तो, आणि जिच्यावर बोट जाणार आहे ती.

हे हलक्या स्पर्शाचं झालं. आता मारून घेण्याबद्दल. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींनी पोतराज पाहिलेला आहे. मरीआईचा तो उपासक, उघडं अंग, कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, बरोबर देवीचा गाडा डोक्यावर घेतलेली बाई, आणि हातात कोरडा. चौकात उभा राहून तो स्वतःच्या अंगावर तो ओढतो. लहानपणी आम्ही डोळे मिटून घ्यायचो. आसुडाचा आवाज बराचसा त्याच्या टोकाने हवेत केलेला असतो, पण वळही उठतात, खोटं काही नाही. पोतराजाला ते आपल्याला वाटतं तेवढं लागत नाही का? स्टॉकहोमच्या त्याच दोघांनी २०१७ साली दाखवलं की, हातात अवजार धरून स्वतःला स्पर्श केला तरी तो हाताने केल्यासारखाच फिका होतो. अवजार हाताचाच भाग होऊन जातं. प्रयोगातला दाब हलका होता, कोरड्याच्या जवळपासही नव्हता. पण कोरडा कधी, कुठे, किती जोराने येणार याची प्रत पोतराजाकडे आहे आणि आपल्याकडे नाही. चौकात डोळे मिटतात ते म्हणूनच आपले. मी या प्रथेचं कौतुक करत नाही. ती भुकेची आणि जातीची सक्ती होती, लहान मुलं देवीला वाहिली जायची, आणि आंबेडकरी चळवळीने ती सोडा म्हणून सांगितलं ते योग्यच केलं.

पण खास छत्तीसगडचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. दिवाळीत गौरा-गौरीची मिरवणूक निघते. मातीच्या मूर्ती डोक्यावर, गाणी, मांदर, आणि पहाटे तळ्याकडे विसर्जन. त्यात लोक हात पुढे करतात आणि त्यावर सोंटा घेतात, म्हणजे दोरीसारखा वळलेला चाबूक. दुर्ग जिल्ह्यातल्या जंजगिरीला भूपेश बघेल मुख्यमंत्री असताना दर वर्षी जाऊन सोंटा घेत. २०२१ आणि २०२२ साली त्याची चित्रफीत देशभर दाखवली गेली, आणि बाहेरच्या लोकांना कळेना की एवढा मोठा माणूस मार का खातोय. इथे सगळ्यांना माहीत आहे: सोंटा घेतला की विघ्न टळतं अशी श्रद्धा आहे.

पोतराजाचा फटका त्याचा स्वतःचा. सोंटा मात्र दुसऱ्याच्या हातचा, पण मागून घेतलेला. याला कुठे बसवायचं? लहान मेंदूच्या हिशेबाने हा सरळ परका फटका आहे. हात स्वतः पुढे केला, सोंटा येताना दिसला, वेळही कळली; तरी फटका मारायचा हुकूम आपला नाही, आणि हुकूम नाही तर वजाबाकी नाही. तरीही सोंटा घेणारी माणसं हसत मागे सरतात. ही सगळी श्रद्धेपोटीची सहनशक्ती आहे, असं म्हणून मी पूर्वी सोडून दिलं असतं. पण हार्वर्डमधले कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांचं २००८ सालचं काम यात उपयोगी पडतं. त्यांनी लोकांना विजेचे सारख्याच ताकदीचे झटके दिले. एका गटाला वाटत होतं की शेजारचा माणूस मुद्दाम देतोय, दुसऱ्याला वाटत होतं की त्याच्याकडून नकळत होतंय. मुद्दाम दिलेला जास्त लागला, आणि पुन्हा पुन्हा बसूनही त्याची सवय झाली नाही. नकळत दिलेला हळूहळू बोथट झाला. २०१२ साली ग्रे यांनी उलट बाजूही तपासली: देणाऱ्याचा हेतू चांगला आहे असं वाटलं तर तोच झटका कमी दुखतो.

म्हणजे दुखणं कमी होण्याचे निदान दोन मार्ग आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. एक पोतराजाचा: हुकूम माझा, म्हणून वजा. हा मार्ग सेकंदाच्या अपूर्णांकात चालतो, त्याला देव, हेतू, भलंबुरं काही कळत नाही. दुसरा सोंट्याचा: हुकूम परका, पण हात भल्याचा. या मार्गाला विलंबाचं आणि कोनाचं काही देणंघेणं नाही. त्याला माणूस कोण आणि त्याच्या मनात काय एवढंच कळतं. नेहमी आपण हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो आणि ‘मनाची शक्ती’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होतो. माझा आजचा आग्रह या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आहे.

म्हणूनच सप्रे यांच्यापाशी थांबायचं म्हटलं. १९०८ साली ‘हिंदी केसरी’तल्या लेखनाबद्दल माधवरावांना राजद्रोहाखाली अटक झाली. थोरल्या भावाच्या दडपणामुळे त्यांनी माफीपत्र दिलं आणि ते सुटले. सुटका त्यांना झेपली नाही. वर्षभर मधुकरी मागून ते जगले, समर्थांच्या वाङ्मयात बुडाले, ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ही. रायपूरच्या व्याख्यानांत ही कथा फार येते, आणि हल्ली तिला विज्ञानाचा मुलामा देण्याची हौसही दिसते: स्वतः घेतलेली शिक्षा कमी दुखते, पाहा, शास्त्रानेही सिद्ध केलं. मला ते मान्य नाही. लहान मेंदूची वजाबाकी एका झोळीपुरतीसुद्धा टिकत नाही, वर्षभराची तर सोडाच. आणि मधुकरी सप्रे यांना कमी दुखली असं कोण म्हणतं? बहुधा ती दुखावी म्हणूनच त्यांनी पत्करली. तुरुंगातला आणखी एक दिवस त्यांना चालला असता असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. तुरुंगाबाहेरचा एक दिवस चालत नव्हता. याला स्पंज आणि दांडी लावू नये.

सोंट्याला मात्र लावता येईल. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारं कुणी इथे बसलं असेल तर त्याच्यासाठी हे सांगतो. सोंटा नको, नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. बोटावर हलका दाब देणारी एक पट्टी घ्या. तीन प्रकार करा: दाब स्वतः देणे, अनोळखी माणसाने देणे, आणि ज्याचा आशीर्वाद घ्यावासा प्रयोगातल्या माणसाला वाटतो अशा कुणी देणे. प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचारा. एक, किती लागलं ते शून्य ते दहात सांगा. दोन, तेवढाच दाब दुसऱ्या बोटाने परत देऊन दाखवा. माझा अंदाज असा: आशीर्वादाच्या दाबाला तोंड कमी आकडा सांगेल, पण बोट परक्याच्या दाबाइतकाच दाब परत देईल. तोंड आणि बोट यांची साक्ष जुळणार नाही. पण बोटानेही कमी दाब दिला, तर हेतूचा हात लहान मेंदूपर्यंत पोहोचतो असं म्हणावं लागेल, आणि माझं आजचं निम्मं व्याख्यान मला मागे घ्यावं लागेल. साहित्य फार लागत नाही. एक पट्टी, एक स्प्रिंग, एक वजनमापक, आणि तीस-चाळीस माणसं. आशीर्वाद देणारी माणसं शोधायला मात्र थोडा वेळ जाईल.